पाठ, पोट आणि पेन्सिल

धनुष्य करायला घेतलेल्या त्या लाकडाच्या फाळक्यावर मी मारलेली पहिलीच रेघ चुकली. रेघ म्हणून ती देखणी होती. स्टीलच्या लांब पट्टीला पेन्सिल टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत मारलेली, सरळसोट. माझा दिवस यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करण्यात जातो. आधी मध्यरेषा, मग तिच्या दोन्ही अंगांना मापं, हे इतकं अंगवळणी पडलंय की समोर लोखंड आहे की लाकूड हे हात विचारतच नाही. रेघ मारून झाली, दोन पावलं मागे सरकले, आणि भिंतीवर टांगलेल्या दोन तुकड्यांकडे नजर गेली.

ते दोन तुकडे म्हणजे माझं पहिलं धनुष्य. ॲशच्या लाकडाचं. कागदावर काढलेली मापं मी त्यात तशीच्या तशी उतरवली होती, दोन्ही भुजांमध्ये, म्हणजे मुठीच्या वरच्या आणि खालच्या वाकणाऱ्या भागांत, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. चोवीस इंचांपर्यंत ओढलं तेव्हा बारीकसं ‘टिक्’ ऐकू आलं, आणि काय वाजलं हे मनात यायच्या आत वरची भुजा माझ्या डोक्यावरून उडून मागे पडली. तुटलेली जागा पाहिली तर मोड आडवा नव्हता. लांबट, तिरका, जिभेसारखा होता. लाकडाचे धागे तिथे भुजेच्या कडेतून बाहेर निघून जात होते. झाड वाढताना जरासं वळलं होतं, मी वळले नव्हते. ते तुकडे आठवण म्हणून टांगलेले नाहीत, धाक म्हणून टांगलेत.

तर रेघ खोडली. हिकरीवर पेन्सिल दाबून मारली की ती नुसत्या रबराने जात नाही, हेही त्या दिवशी कळलं.

हिकरी हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झाड. पेकानही त्याच्याच जातकुळीतला, कॅरिया या प्रजातीतला. कुऱ्हाडींचे, हातोड्यांचे दांडे आणि ड्रम वाजवायच्या काठ्या हिकरीच्या करतात, यावरूनच तिचा स्वभाव कळावा. जड आहे, चिवट आहे, दणका सोसते. माझ्याकडे आला तो ओंडका पाचरी मारून उभा फोडलेला होता. त्यातले दोन फाळके मला मिळाले. सहा फूट लांब, आडव्या छेदात पावाच्या तुकड्यासारखे त्रिकोणी, पाठीवर साल तशीच, आणि दोन्ही टोकांना जाड रंग फासलेला. टोकं उघडी राहिली की ओलावा तिथून भराभर उडतो आणि चिरा आत आत शिरतात, म्हणून तो रंग. दोन वर्षं सुकलेले होते. सालीखाली कीड असेल अशी धाकधूक होती; नव्हती.

साल काढायला मी एक पूर्ण सुट्टीचा दिवस घातला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वरची खडबडीत साल ड्रॉनाइफने, म्हणजे दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायच्या पात्याने, सटासट निघते. तिच्या खाली एक तांबूस, चामड्यासारखा थर असतो, अंतर्साल. ती इतकी चिवट की तिच्या पट्ट्या काढून खुर्च्यांच्या बैठकी विणतात. तिथपर्यंत पोचलं की धार बाजूला ठेवायची आणि बोथट पात्याने खरवडत जायचं, कारण तिच्या खाली जे लागतं ती धनुष्याची तयार पाठ आहे. यू किंवा ओसेज ऑरेंजसारख्या काही लाकडांत बाहेरचं पांढरं लाकूड पातळ करावं किंवा पार काढावं लागतं, एकच वाढीचं वलय पकडून त्याच्यामागे टोकापर्यंत जावं लागतं. हिकरीत ती यातायात नाही. सालीखालचं शेवटचं वर्ष, म्हणजे झाडाने तोडलं जाण्याआधी घातलेला शेवटचा थर, हाच पाठीचा पृष्ठभाग. अट एकच, त्यावर ओरखडा उठवायचा नाही. शेवटचा तांबूस पापुद्रा निघाला आणि खालून हस्तिदंती, किंचित लाटालाटांचा, हाताला थंड लागणारा पृष्ठभाग आला, तेव्हा मी त्यावरून उगाचच चार वेळा तळवा फिरवला.

पाठ आणि पोट हे शब्द मी सारखे वापरणार आहे, म्हणून एकदा सांगून टाकते. बाण सोडताना धनुष्याची जी बाजू तुमच्याकडे असते ते पोट, लक्ष्याकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट चेपलं जातं. मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की तो ताणलाही जात नाही आणि चेपलाही जात नाही. धनुष्याचं डिझाइन म्हणजे या ओढाताणीचं वाटप. हिकरीची पाठ सहसा दगा देत नाही. ताण सोसण्यात तिला तोड शोधावी लागेल. अडचण पोटाची आहे. जास्त चेपलं गेलं की पोट पुन्हा पूर्ण लांबीवर येत नाही, आणि दोरी उतरवल्यावरही धनुष्य थोडं वाकलेलंच राहतं. ते वाकलेपण म्हणजे गमावलेली ताकद. इंग्लिश लाँगबो यूचा असतो, त्याचं पोट गोलसर. त्या लाकडातला आतला गाभा चेपणं उत्तम सोसतो आणि बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं. हिकरीला असं गोलसर पोट दिलं की चेपण्याचा सगळा भार मधल्या अरुंद पट्टीवर येतो आणि ती खचते. हिकरीला सपाट, रुंद आणि पातळ भुजा हव्यात.

हे काही माझं संशोधन नाही. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉप्स्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याचं गणित मांडलं आणि सपाट, आयताकृती छेदाची भुजा कशी फायद्याची हे दाखवून दिलं. पण गणिताच्या आधीही लोकांना ते हाताने कळलेलंच होतं. हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियममध्ये एक हिकरीचं धनुष्य आहे, मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीचं, १६६० सालचं. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी कुणीतरी केलेलं. ते विकत घेतलेलं नाही, एका मूळ रहिवाशाला गोळी घालून घेतलेलं आहे. तशीच त्याची नोंद आहे. लांबी साधारण ६७ इंच, मुठीशी अरुंद, भुजेत रुंद आणि सपाट, टोकाकडे पुन्हा निमुळतं. मी त्याचे फोटो इतके वेळा मोठे करून पाहिलेत की डोळे मिटून रेखाटू शकेन. करणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पण हिकरीशी कसं वागायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता रेघेकडे.

लाकडाचे धागे कुठे चाललेत हे शोधायचे दोन-तीन मार्ग आहेत. सुकताना पृष्ठभागावर केसासारख्या चिरा पडतात, त्या नेहमी धाग्याच्या दिशेने पडतात. सुईच्या टोकाने हलकेच ओढलं तर सुई आपसूक धाग्यात घुसते आणि त्याच्याच मागे जाते. आणि मला सगळ्यात आवडलेला मार्ग म्हणजे शाई. पेनातल्या पातळ शाईचा थेंब पाठीवर टाकायचा आणि बघत बसायचं. थेंब गोल राहत नाही. दोन्ही बाजूंना बारीक मिशा फुटतात, आणि त्या मिशा धाग्यांच्या दिशेने धावतात. मी वीतभर अंतरावर एक असे थेंब टाकत गेले. एका टोकापासून अडीच फुटांपर्यंत सगळ्या मिशा सरळ. मग हळूहळू उजवीकडे. एका बारीक गाठीला वळसा घालून परत डावीकडे. माझ्या सरळ रेघेपासून सर्वांत लांब गेल्या त्या जागी अंतर होतं १९ मिलिमीटर. भुजा ४४ मिलिमीटर रुंद करायची होती, म्हणजे कडेपर्यंत मध्यापासून २२. सरळ कापलं असतं तर मधला धागा जवळजवळ कडेला जाऊन बसला असता आणि कडेजवळचे सगळे बाहेर पडले असते. भिंतीवरचे दोन तुकडे तीन झाले नसते म्हणा, चार झाले असते.

मिशांवरून हाताने रेघ काढली. पट्टी नाही, काही नाही. वळणं घेत जाणारी, नदीसारखी रेघ. ऑफिसात अशी मध्यरेषा कुणी दिली असती तर मी ड्रॉइंग परत पाठवलं असतं. पण तीच खरी मध्यरेषा होती, आणि दोन्ही कडांची मापं मी तिच्यापासून घेतली. धनुष्य वरून पाहिलं तर सापासारखं दिसतं. चालतं. नियम एवढाच की दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली की ती मुठीवरून, जवळपास मधून गेली पाहिजे. मधली वळणं दोरीला दिसत नाहीत. गाठीच्या जागी मी भुजा दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर रुंद ठेवली आणि पाठीवरचा गाठीचा उंचवटा तसाच सोडला. तो घासून सपाट करायचा मोह होतो, करू नये. त्याच्या भोवतीचे धागेच तिथे भार वाहत असतात.

मापं कशी ठरवली ते सांगते, कारण डिझाइन म्हटलं की लोकांना तेच हवं असतं. माझी ओढ, म्हणजे बाण सोडताना धनुष्य जितकं ओढते ते अंतर, २७ इंचांची. मूठ न वाकणारं धनुष्य असेल तर ओढीच्या दुप्पट लांबी, अधिक मुठीचा न वाकणारा भाग, हा जुना ठोकताळा आहे. दुप्पट म्हणजे ५४. मूठ चार इंच, मुठीपासून भुजेपर्यंत उतरत जाणारा भाग दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच, झाले ६२. त्यावर चार इंच भीतीपोटी. एकूण ६६, दोरी अडकवायच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत. भुजा लांब असली की तितकंच ओढायला ती कमी कोनात वाकते आणि पोटावर भार कमी येतो. रुंदी पावणेदोन इंच, ती अर्ध्या भुजेपर्यंत तशीच, पुढे निमुळती होत टोकाला अर्धा इंच. टोकं हलकी हवीत. बाण सुटताना टोकांनाच सगळ्यात जास्त अंतर धावायचं असतं. तिथलं वाढीव लाकूड म्हणजे धावणाऱ्याच्या पायात बांधलेलं वजन. ताकद, म्हणजे पूर्ण ओढायला लागणारा जोर, हवी होती ४० पौंड, साधारण १८ किलो. (धनुष्याच्या जगात सगळं इंच-पौंडांत चालतं आणि मी मिलिमीटरवाली. या लेखात दोन्ही सापडतील, माफ करा.)

जाडी मात्र मी आकड्यात ठरवली नव्हती, निदान ठरवायची नाही असं ठरवलं होतं. त्याचं कारण असं. भुजेचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनात बदलतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट. जाडी दुप्पट केली तर आठपट. उलट्या दिशेने हे जास्त भयंकर आहे. १२ मिलिमीटर जाडीतून अर्धा मिलिमीटर काढला की त्या जागचा ताठपणा बारा टक्क्यांनी उतरतो. टोकाजवळ, जिथे जाडी नऊच मिलिमीटर आहे, तोच अर्धा मिलिमीटर सोळा टक्के खातो. स्क्रेपरचे, म्हणजे खरवडायच्या पात्याचे, पाच-सात हात म्हणजे अर्धा मिलिमीटर. म्हणून जाडी कागदावर नाही, लाकूड वाकवून बघत ठरवायची असते. हे मला माहीत होतं. तरी मी काय केलं ते पुढे येतंय.

मधे ओलाव्याचं सांगायला हवं, कारण हिकरीच्या बाबतीत अर्धी लढाई तीच आहे. सुकलेलं लाकूड म्हणजे कायमचं सुकलेलं नव्हे. ते हवेशी देवाणघेवाण करतच राहतं. हवेत ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर लाकडात जवळपास १२ टक्के ओलावा ठरतो, ३० टक्के असेल तर साधारण सहा. इतर बरीच लाकडं नऊ-दहा टक्क्यांवर चांगली वागतात. हिकरीला सहा ते आठ हवा. ओली हिकरी तुटणार नाही, पण ओल्या दोरखंडासारखी लेचीपेची होईल आणि वाकेल तशी राहील. मी इन्सुलेशनच्या पत्र्यांची एक लांब पेटी केली, आत दोन साधे पिवळे दिवे, एक आर्द्रतामापक, वरच्या बाजूला चार भोकं. फाळका आधी ढोबळ आकारात उतरवून घेतला, कारण जाड लाकूड पेटीत घातलं तर बाहेरून सुकून तडकतं. मग रोज रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं आणि भिंतीवरच्या कागदावर लिहायचं. पहिल्या आठवड्यात रोज सात-आठ ग्रॅम उतरत होतं, नंतर तीन, नंतर एक. लागोपाठ चार दिवस आकडा हलला नाही तेव्हा बाहेर काढलं. काट्यावर मावत नव्हतं म्हणून डब्यावर आडवं तोलून धरायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी तेवढा वेळ पंखा बंद ठेवायचा, अशी ती वजनं.

आता माझी चूक.

वरून पाहताना मी लाकडाचं ऐकलं. बाजूने पाहताना ऐकलं नाही. भुजेची कड सपाट झाल्यावर तिच्यावर जाडीची रेघ मारायची होती, मुठीजवळ १५ मिलिमीटर, टोकाकडे ११, नंतर खरवडायला भरपूर ठेवून. आणि मी दोन बिंदू घेतले आणि त्यांना पट्टी लावली. सवय! पण पाठ सपाट नव्हती. ती लाटालाटांची होती, मीच वर कौतुकाने लिहिलंय. मुठीपासून वीतभर अंतरावर पाठीत एक हलका खोलगा होता, तीनेक इंच लांब, दीड मिलिमीटर खोल. बोटाला लागायचा, डोळ्याला दिसायचा नाही. पाठीत खोलगा आणि पोटाला सरळ रेघ, म्हणजे तिथे जाडी दीड मिलिमीटर कमी. १४ हवी तिथे साडेबारा. घनाचा हिशेब लावला तर जवळजवळ तीस टक्के ताठपणा गेला, आणि मला पत्ताच नाही. पोटाने पाठीची नक्कल करायची असते. पाठ उचलली की पोट उचलायचं, पाठ खचली की पोटही तितकंच खाली न्यायचं. मार्किंग गेज, म्हणजे कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ ओढणारं साधन, पाठीला टेकवून फिरवलं असतं तरी आपोआप झालं असतं.

हे कळलं ते टिलरिंगच्या वेळी. भुजा दोन्हीकडे सारख्या वाकतात का हे पाहत पाहत पोटाचं लाकूड उतरवायचं, या कामाला टिलरिंग म्हणतात. भिंतीला एक उभा खांब, त्याच्या डोक्यावर मूठ टेकवायची, सैल लांब दोरी लावायची, दोरीला हुक, हुकाला वजनकाटा, तिथून दोर खालच्या कप्पीतून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ओढणारा माणूस लांब उभा राहतो. धनुष्य तुटलं तर तो वाचतो, हा एक फायदा. आणि दुसरा, लांबून वाक जास्त खरा दिसतो. ओढायला धाकट्या भावाला बसवलं होतं. त्याला धनुष्यात काडीचा रस नाही, म्हणून त्याचा डोळा चांगला.

“ताई, हे कोपरासारखं वाकतंय.”

“कुठे?”

“डावीकडे. मुठीच्या जरा पुढे. बाकीचं मस्त कमानीसारखंय, तिथेच कोपर.”

मी म्हटलं, सावली असेल. दिवा हलवला. कोपर होतं तिथेच होतं.

मग ठोकळा काढला. हे साधं साधन फार कामाचं आहे. सहा इंचांचा सपाट लाकडी ठोकळा, मध्ये भोक, भोकात पेन्सिल. धनुष्य थोडं ओढलेलं असताना ठोकळा पोटावर ठेवायचा. पोट आतल्या बाजूला वाकलेलं असतं, त्यामुळे ठोकळ्याच्या मध्याखाली फट राहते. जिथे वाक सगळ्यात जास्त तिथे फट सगळ्यात मोठी. त्या जागी पेन्सिल जेमतेम टेकणार नाही इतकी खाली घ्यायची आणि ठोकळा भुजेवरून सरकवत न्यायचा. जिथे लाकूड कमी वाकतंय तिथे फट लहान, तिथे पेन्सिल उमटते. उमटलेलं खरवडायचं, कोरं राहिलं त्याला हात लावायचा नाही. मी सरकवलं. पूर्ण डाव्या भुजेवर काळी रेघ, आणि वीतभर अंतरावर तीन इंच कोरे. लाकडाने इतक्या स्वच्छ अक्षरात चूक दाखवलेली मी तरी पाहिली नव्हती.

लाकूड परत चिकटवता येत नाही. पातळ जागा वाचवायची तर बाकी सगळं तिच्या पातळीला आणायचं, डावी भुजाही आणि मग तिच्याबरोबर उजवीही. म्हणजे ताकद जाणार. किती, ते आधीच कळत होतं. त्या संध्याकाळी मी हत्यारं पुसून ठेवली आणि काही केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फक्त स्क्रेपर. रास्प (लाकडाची खरखरीत कानस) नाही, रंधा नाही. हिकरीवर स्क्रेपर बरोबर कोनात लागला की केसाच्या जाडीचे लांब, गुंडाळलेले पापुद्रे निघतात आणि आवाज कापड फाटल्यासारखा येतो; कोन चुकला की नुसती पूड पडते आणि पोटावर बारीक पायऱ्या उठतात. दहा-बारा हात फिरवायचे, मग दोरी हळूहळू तीसेक वेळा ओढायची, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही. मग ठोकळा. मग पुन्हा दहा हात. काट्यावर ४० पौंडांच्या पुढे कधीही जायचं नाही, दोरी किती का कमी आलेली असेना. हा नियम मोडला की पोट खचतं, आणि ते डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. भाऊ तिसऱ्या दिवशी कंटाळून एका हाताने फोन बघत दोर ओढायला लागला. त्याला बोलले नाही, कारण वाक बघायला तोच लागत होता.

वाक कसा असावा हेही रुंदीवरून ठरतं. मुठीपासून टोकापर्यंत रुंदी सरळ निमुळती होत गेली, तर जाडी जवळजवळ एकसारखी ठेवून वर्तुळाच्या तुकड्यासारखा वाक मिळतो. माझी भुजा अर्ध्यापर्यंत एकाच रुंदीची होती, म्हणून मुठीजवळ जरा ताठ आणि बाहेरच्या अर्ध्यात जरा जास्त, असा लंबवर्तुळाकार वाक हवा होता. शिवाय खालची भुजा वरच्यापेक्षा किंचित ताठ. बाण मुठीच्या वरून जातो, बोटं दोरीला मध्याच्या जरा वर धरतात, त्यामुळे ओढताना दोन्ही भुजांवर सारखा भार येत नाही. दोरी चढवल्यावर वरच्या भुजेपासून दोरीचं अंतर खालच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरने जास्त, एवढा फरक मी ठेवला. कोपरवाली भुजा कोणती करायची हा प्रश्नच नव्हता. ती वर गेली.

वीस इंचांपर्यंत वाक एकसारखा आला तेव्हा पोटाला हॉट एअर गनने भाजून घेतलं. चार बोटं लांबून, इंच इंच पुढे सरकत, पिवळसर पोट मधासारखं आणि मग तपकिरी होईपर्यंत. भाजलेलं पोट चेपणं जास्त सोसतं आणि हवेतला ओलावाही कमी पितं, म्हणून हिकरीला हे विशेष मानवतं. पाठीला मात्र आच लागू द्यायची नाही. भाजल्यावर लगेच वाकवायचंही नाही. लाकूड त्या वेळी अतिकोरडं आणि ठिसूळ असतं. मी पाच दिवस ते कपाटावर ठेवलं आणि त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

शेवटचे आकडे असे. २७ इंचांवर ३४ पौंड. ठरवलेले सहा पौंड त्या सरळ रेघेत गेले. फाळक्याला मुळात पाठीच्या दिशेने इंचभर नैसर्गिक वाक होता, म्हणजे उलटा. आता दोरी उतरवल्यावर ते अर्धा इंच पोटाच्या दिशेने येतं. म्हणजे दीड इंच गेलं. कोपराच्या जागी पोट भिंगाखाली पाहिलं, आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या असत्या तर ती खचल्याची खूण, नाहीत. दोरी डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याची, वळलेली, चढवल्यावर मुठीपासून सहा इंच.

पहिला बाण मी पूर्ण ओढून सोडला नाही. चोवीस इंचांवर सोडला. मुद्दाम नव्हे, हात तिथेच थांबला. चोवीस इंचांचं आणि माझं जुनं वैर आहे. कानावर फक्त दोरीचा आवाज आला, आणि बाण गवताच्या भिंतीत लक्ष्याच्या बराच खाली, पण बरोबर मध्यावर शिरला. भाऊ म्हणाला, “एवढ्यासाठी?” मग स्वतःच हात पुढे केला, “आण इकडे.” त्याची ओढ माझ्यापेक्षा लांब आहे, म्हणून दिलं नाही.

दुसरा फाळका, त्याच ओंडक्याचा, आता टेबलावर आहे. याला मधे पीळही आहे. साल काढून झाली. पट्टी मी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलीय. पाठीवरून डोळे मिटून बोट फिरवून खोलग्यांच्या जागी खुणा केल्यात, सात आहेत. शाईचे नऊ थेंब टाकलेत. पाचव्या थेंबाची एक मिशी सरळ गेली आहे आणि दुसरी वळून मागे आली आहे. तिथे वर काही दिसत नाही. आत गाठ असावी. सुई घेऊन बसलेय.